‘घटना मैदानाबाहेरची आहे’ हे उत्तर पुरेसे नाही : क्रीडा महासंघांच्या शिस्तपालन समित्यांना खुले पत्र

सर्व क्रीडा महासंघांच्या आणि व्यावसायिक लीगच्या शिस्तपालन समित्यांच्या सदस्यांस,

सविनय नमस्कार.

मी गेली सव्वीस वर्षे धावपटूंना प्रशिक्षण देत आहे. हे पत्र लिहिण्याचे कारण एक दोन ओळींचे उत्तर आहे. माझ्या एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीने एका नामांकित, करारबद्ध खेळाडूविरुद्ध तक्रार केली होती. स्पर्धा संपल्यावर संघ ज्या हॉटेलात उतरला होता, तेथे त्याने तिची वाट अडवली, तिचा हात धरून ठेवला आणि तिने स्पष्ट नकार दिल्यानंतरही पुढचे अनेक आठवडे तो रात्री-अपरात्री तिला संदेश पाठवत राहिला. ते सर्व संदेश तिने जपून ठेवले होते आणि तक्रारीला जोडले होते. चार महिन्यांनी समितीचे उत्तर आले : ‘सदर घटना मैदानाबाहेर व स्पर्धेच्या वेळेनंतर घडली असल्याने समितीच्या अधिकारकक्षेत येत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ या चार महिन्यांत तिचे म्हणणे ऐकण्यासाठी तिला एकदाही बोलावण्यात आले नव्हते.

त्याच हंगामात त्याच समितीने दुसऱ्या एका खेळाडूला तीन महिन्यांसाठी निलंबित केले. थकलेला प्रवासभत्ता अजून मिळालेला नाही, एवढेच त्याने समाजमाध्यमावर लिहिले होते. तेही त्याने घरी बसून, स्पर्धेच्या वेळेबाहेर लिहिले होते. परंतु त्याच्या बाबतीत खेळाची प्रतिष्ठा मलिन करणाऱ्या वर्तनाचे कलम लगेच सापडले. माझी विद्यार्थिनी आता धावत नाही. तिचे नाव, त्या खेळाडूचे नाव आणि त्या महासंघाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तिने तशी विनंती केली आहे आणि कारण हा प्रश्न एका महासंघापुरता उरलेला नाही.

खेळाडूने मैदानाबाहेर केलेल्या गैरवर्तनाबद्दल त्याला खेळाने शिक्षा द्यावी की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालू आहे. माझे मत स्पष्ट आहे. ज्या वर्तनाने दुसऱ्या माणसाला इजा झाली आहे, किंवा ज्यात खेळातून मिळालेल्या अधिकाराचा आणि प्रसिद्धीचा गैरवापर झाला आहे, त्याबद्दल शिक्षा झालीच पाहिजे, मग ते स्टेडियमच्या आत घडलेले असो वा हजार मैलांवर. ज्या वर्तनाने केवळ आपली, आपल्या प्रायोजकांची किंवा पदाधिकाऱ्यांची गैरसोय झाली आहे, त्याला हात लावण्याचा अधिकार आपणांस असू नये. आज बहुतेक ठिकाणी याच्या उलट चालले आहे, आणि म्हणून माझ्या तक्रारी मी येथे क्रमाने मांडते.

पहिली तक्रार अशी की, आपली शिक्षा इजेच्या प्रमाणात ठरत नाही. ती प्रसिद्धीच्या प्रमाणात ठरते. अमेरिकन फुटबॉलपटू रे राइस याचे प्रकरण आपल्यापैकी प्रत्येकाने अभ्यासले असेल. फेब्रुवारी २०१४ मध्ये अटलांटिक सिटीतील एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये त्याने आपल्या वाग्दत्त वधूला मारहाण केली. बेशुद्ध पडलेल्या तिला तो लिफ्टबाहेर ओढत आणत असल्याचे चित्रण त्याच महिन्यात लोकांसमोर आले होते. जुलैमध्ये एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, त्याला दोन सामन्यांसाठी निलंबित केले. मग ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतील चित्रण बाहेर आले, ज्यात प्रत्यक्ष ठोसा दिसत होता. त्याच दिवशी त्याच्या क्लबने करार रद्द केला आणि लीगने निलंबन बेमुदत केले. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात त्या स्त्रीला झालेल्या इजेत काहीही फरक पडलेला नव्हता. फरक पडला होता तो ती इजा किती लोकांनी पाहिली यात. नोव्हेंबरमध्ये माजी संघीय न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी लवाद म्हणून ते बेमुदत निलंबन रद्द ठरवले, कारण राइसने लीगपासून घटना लपवली नव्हती आणि एकाच कृत्यासाठी त्याला दोनदा शिक्षा देण्यात आली होती. म्हणजे आधी शिक्षा अगदीच तोकडी दिली गेली आणि लोकक्षोभ उसळल्यावर ती अशी वाढवली गेली की न्यायाच्या कसोटीवर ती टिकलीच नाही. पुढे राइस त्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, पण त्यामागे नियमाने दिलेली शिक्षा नव्हती. कोणत्याही क्लबने त्याला करार दिला नाही, इतकेच.

दुसरी तक्रार ‘न्यायालयाचा निकाल येऊ द्या’ या वाक्याबद्दल आहे. हे वाक्य ऐकायला न्याय्य वाटते, आणि ते पूर्णपणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण न्यायालय आणि आपली समिती एकाच प्रश्नाचे उत्तर देत नसतात. एखाद्याचे स्वातंत्र्य हिरावून घ्यावे का, हे न्यायालय ठरवते, आणि त्यासाठी वाजवी शंकेपलीकडचा पुरावा मागते. आपणांस ठरवायचे असते ते एवढेच की या व्यक्तीने संघाचा गणवेश घालावा का आणि ज्या शिबिरात इतर तरुण मुलेमुली राहतात तेथे तिने असावे का. डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्या व्यावसायिक संस्था हा फरक ओळखतात. फौजदारी खटला उभा राहिला नाही तरी त्या स्वतःच्या सदस्याची चौकशी करू शकतात. बेन स्टोक्सच्या प्रकरणात हे स्पष्टपणे दिसले. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलमध्ये झालेल्या हाणामारीनंतर तो अ‍ॅशेस मालिकेला मुकला, ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले आणि तरीही डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या शिस्तपालन आयोगाने त्याला आठ सामन्यांची बंदी आणि ३०,००० पौंडांचा दंड केला. निलंबनाच्या काळात हुकलेले सामने त्या बंदीत धरले गेले. ती शिक्षा कमी होती की जास्त, यावर मतभेद होऊ शकतात. पण गुन्हा सिद्ध न होणे आणि खेळाडूला न शोभणारे वर्तन न होणे या दोन गोष्टी एकच नाहीत, हे त्या आयोगाने मान्य केले. मेजर लीग बेसबॉलने २०१५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेबरोबर बसून घरगुती हिंसाचाराविषयीचे जे धोरण ठरवले, त्यातही शिक्षेसाठी न्यायालयीन दोषसिद्धीची अट नाही.

येथेच मला माझ्या स्वतःच्या बाजूच्या लोकांना, म्हणजे तक्रारदारांच्या बाजूने बोलणाऱ्यांना, न आवडणारी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती तिसऱ्या तक्रारीत येते. चौकशी न करता दिलेली शिक्षाही मला मान्य नाही. श्रीलंकेचा क्रिकेटपटू दनुष्का गुणतिलक याला नोव्हेंबर २०२२ मध्ये विश्वचषकाच्या काळात सिडनीत लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून अटक झाली आणि त्याच्या मंडळाने लगेच त्याला निलंबित केले. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली, त्यानंतर बंदी उठली. अशा गंभीर आरोपानंतर तात्पुरते दूर ठेवणे मला योग्यच वाटते. पण दूर ठेवणे ही एक गोष्ट आणि उपजीविका तोडणे ही दुसरी. फ्रेंच फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी याच्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये बलात्काराचे आरोप ठेवले गेल्यानंतर त्याच्या क्लबने, मँचेस्टर सिटीने, त्याचे वेतन थांबवले. २०२३ मध्ये ज्युरीने त्याला सर्व आरोपांतून मुक्त केले, तोपर्यंत त्याचा करारही संपला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने त्या थकीत वेतनाचा बहुतांश भाग त्याला मिळायला हवा असा निर्णय दिला. मेंडी श्रीमंत खेळाडू होता, म्हणून तो तेवढा काळ लढू शकला. ज्याचे वर्षभराचे घर एका छोट्या करारावर चालते, त्याचे वेतन चौकशीआधीच थांबले तर तो दोषी असो वा निर्दोष, पहिल्या सहा महिन्यांतच संपलेला असतो. माझ्या विद्यार्थिनीला ज्या न्यायाची अपेक्षा होती, त्यात समोरच्याचे म्हणणे ऐकणेही धरलेले होते. तिने कोणाला उद्ध्वस्त करण्याची मागणी केली नव्हती, तिने फक्त चौकशी मागितली होती.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. ‘खेळाची प्रतिष्ठा मलिन करणारे वर्तन’ हे कलम जवळपास प्रत्येक आचारसंहितेत आहे आणि त्याची व्याख्या जवळपास कुठेच नाही. ते इतके सैल आहे की त्यात मारहाण बसते, छळ बसतो, रात्री उशिरापर्यंतची पार्टी बसते, मुलाखतीतले एखादे वाक्य बसते आणि भत्ता मागणेही बसते. हे कलम हातात असले की सत्तेला नको असलेला माणूस बाजूला करणे किती सोपे होते, हे पाहायचे असेल तर १९६७ सालाकडे वळून पाहावे. २८ एप्रिल १९६७ रोजी मुहम्मद अली यांनी सैन्यात भरती होण्यास नकार दिला. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या क्रीडा आयोगाने त्यांचा मुष्टियुद्धाचा परवाना निलंबित केला. तेव्हा खटला उभा राहिला नव्हता. न्यायालयाने दोषी ठरवले ते पुढे जूनमध्ये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ जून १९७१ रोजी एकमताने ती शिक्षा रद्द केली. दरम्यान पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंतची, मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यातली उमेदीची साडेतीन वर्षे ते रिंगणाबाहेर होते. त्यांच्या नकाराने कोणालाही इजा झाली नव्हती. म्हणून ‘मैदानाबाहेरच्या वर्तनाला शिक्षा हवी’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनाही मी विचारते की आपण हा अधिकार नेमका कोणाच्या हातात आणि कोणत्या मर्यादेत देत आहोत. खेळाडूचे राजकीय मत, त्याची श्रद्धा, त्याचे संमतीने असलेले खासगी संबंध आणि आपल्या संस्थेवर त्याने केलेली टीका या गोष्टी समितीच्या कक्षेबाहेरच असायला हव्यात.

बोलण्याच्या चुकांचे काय, असे विचारले जाईल. स्त्रियांविषयी किंवा एखाद्या समाजाविषयी अपमानकारक बोलणे निरुपद्रवी आहे असे मी मानत नाही. पण त्याचे माप वेगळे असावे. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पांड्या आणि के. एल. राहुल यांना दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमातील स्त्रियांविषयीच्या शेरेबाजीमुळे ऑस्ट्रेलियातून परत बोलावण्यात आले. सुमारे दोन आठवड्यांनी निलंबन उठले आणि एप्रिलमध्ये क्रिकेट मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी वीस लाख रुपयांचा दंड केला, जो सामाजिक कामांसाठी द्यायचा होता. घाईने झालेल्या त्या निलंबनाविषयी माझ्या शंका आहेत, पण शेवटचा निर्णय मंडळाबाहेरच्या, माजी न्यायाधीश असलेल्या व्यक्तीने घेतला आणि शिक्षा कृत्याच्या आकाराची राहिली, ही गोष्ट मी मोकळेपणाने नोंदवते. मला टोचते ते हे की, शब्दांसाठी खेळाडूला विमानात बसवून परत आणण्याची तत्परता जेथे दिसते, तेथे शरीरावर हात टाकल्याच्या तक्रारीला चार महिने आणि दोन ओळी पुरतात.

पाचवी तक्रार थोडक्यात : तारांकित खेळाडूसाठी वेगळे माप वापरले जाते. अमेरिकन फुटबॉलपटू डेशॉन वॉट्सनवर वीसहून अधिक स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले. त्याने आरोप नाकारले, ग्रँड ज्युरींनी (खटला भरावा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांनी) फौजदारी आरोप ठेवले नाहीत, आणि मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या क्लबने त्याला २३ कोटी डॉलरचा संपूर्ण हमीचा करार दिला. त्या कराराच्या पहिल्या वर्षाचे मूळ वेतन दहा लाख डॉलरच्या आसपास ठेवलेले होते. निलंबनाच्या काळात वेतन कापले जाते ते या मूळ वेतनातून, हे आपणांस सांगायला नको. पुढे माजी न्यायाधीश सू रॉबिन्सन यांनी सहा सामन्यांचे निलंबन दिले, लीगने त्याविरुद्ध अपील केले आणि अखेरीस अकरा सामने व पन्नास लाख डॉलर दंड यावर तडजोड झाली. दोषी कोण हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. मला एवढेच दिसते की ज्याच्या पायात किंवा हातात सामना जिंकून देण्याची ताकद आहे त्याच्याशी आपण वाटाघाटी करतो, आणि राखीव खेळाडूला पत्र पाठवतो.

सहावी आणि शेवटची तक्रार आपल्या स्वतःविषयी आहे. आपल्या आचारसंहिता खेळाडूंना बांधतात. पदाधिकारी, प्रशिक्षक, संघाचे डॉक्टर त्यांच्या बाहेर राहतात किंवा कागदापुरते आत असतात. मीही प्रशिक्षक आहे, म्हणून हे मी स्वतःलाही लावते. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याला २०१८ मध्ये शिक्षा सुनावली जात असताना दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रिया न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. त्यांतल्या अनेकींनी त्याआधी मोठ्या माणसांना सांगून पाहिले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये महिला फुटबॉलचा विश्वचषक जिंकल्यानंतर स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष लुइस रुबियालेस यांनी खेळाडू जेनी हेर्मोसो हिचे तिच्या संमतीविना चुंबन घेतले, तेव्हा तिच्या महासंघाने आधी अध्यक्षांचीच बाजू घेतली. फिफाने हस्तक्षेप करून पुढे तीन वर्षांची बंदी घातली. खेळाडूंना शिस्त शिकवणाऱ्यांनी आपल्या खुर्चीसाठी तेच नियम आधी स्वीकारले पाहिजेत.

‘खेळाडू हा मुलांचा आदर्श असतो, म्हणून त्याला शिक्षा हवी’ हा युक्तिवाद मी मुद्दाम केलेला नाही. मला तो पटत नाही. बावीस वर्षांच्या धावपटूने जलद धावावे एवढे मी त्याला शिकवले आहे. त्याने संत व्हावे अशी अट घालण्याचा मला अधिकार नाही. त्याने कोणाला इजा करू नये, ही अट मात्र मी घालू शकते, आणि ती सर्वांनाच लागू असते. आदर्शाच्या भाषेत बोलू लागलो की लक्ष त्याच्या चाहत्यांकडे जाते, आणि जिचा हात धरला गेला ती पुन्हा मागे पडते.

माझ्या मागण्या अशा आहेत. आचारसंहितेतील ‘प्रतिष्ठा मलिन करणे’ हे मोघम कलम काढून टाकावे आणि त्याऐवजी कोणते वर्तन दंडनीय आहे हे नावानिशी लिहावे : शारीरिक हिंसा, लैंगिक गैरवर्तन, घरगुती हिंसाचार, धमकी, पाठलाग, तक्रारदारावर दबाव. घटनेचे स्थळ आणि वेळ हे अधिकारकक्षा नाकारण्याचे कारण असू नये. चौकशी महासंघाच्या पगारावर किंवा मर्जीवर नसलेल्या व्यक्तींकडे द्यावी, दोन्ही बाजूंना ऐकावे आणि नव्वद दिवसांत कारणांसहित लेखी निर्णय द्यावा. तात्पुरते निलंबन करायचे असेल तर त्याला मुदत असावी आणि त्या काळात मूळ वेतन चालू राहावे. प्रत्येक प्रकारच्या कृत्यासाठी शिक्षेची किमान आणि कमाल मर्यादा आधीच जाहीर असावी, म्हणजे चित्रफीत बाहेर आली म्हणून ती फुगणार नाही आणि अंतिम सामना जवळ आला म्हणून आटणार नाही. स्वतंत्र लवादाकडे अपील करण्याचा हक्क खेळाडूला आणि तक्रारदारालाही असावा. बेसबॉलपटू ट्रेव्हर बाउर याचे ३२४ सामन्यांचे निलंबन लवादाने १९४ सामन्यांवर आणले. अपिलाची सोय असली की शिक्षा रद्दच होते असे नाही, ती मोजून-मापून घेतली जाते. हेच नियम पदाधिकारी, प्रशिक्षक आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांना त्याच शब्दांत लागू करावेत.

परतीचा मार्गही लिहून ठेवावा, ही माझी आणखी एक मागणी आहे, आणि ती मी दयेपोटी करत नाही. शिक्षेला शेवट नसेल तर समित्या ती देण्यासच कचरतात, हे मी जवळून पाहिले आहे. कुत्र्यांच्या झुंजी लावल्याबद्दल अमेरिकन फुटबॉलपटू मायकेल विक याला २००७ मध्ये तेवीस महिन्यांची कैद सुनावली गेली. २००९ मध्ये त्याला अटींसह लीगमध्ये परत घेण्यात आले आणि तो पुन्हा खेळला. त्याने शिक्षा भोगली होती, ती सर्वांना माहीत होती, म्हणून त्याच्या परतण्याबद्दल उघडपणे बोलता आले. ज्याची चौकशीच झालेली नाही, त्याच्याविषयी फक्त कुजबुज उरते. त्यात तो दोषी असेल तर सुटतो आणि निर्दोष असेल तर कायमचा डागाळतो.

पुढच्या हंगामाच्या सराव शिबिराची यादी नुकतीच लागली आहे. त्या यादीत तो खेळाडू आहे आणि माझ्या दोन विद्यार्थिनीही आहेत, एक अठरा वर्षांची आणि एक वीस वर्षांची. दोघींच्या पालकांनी मला विचारले आहे की रात्री आठनंतर, सराव संपल्यावर, त्यांच्या मुलींबाबत काही घडले तर ते कोणाच्या अधिकारकक्षेत येईल. शिबिर सुरू होण्यापूर्वी आपण मला याचे लेखी उत्तर द्यावे. मी ते जसेच्या तसे त्या पालकांच्या हाती देईन.

आपली विश्वासू,
एक अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक